१२० कर्मचारी, एक शनिवार आणि तुमची १२ माणसांची संस्था

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: उत्तर नागपुरात पाच वस्त्यांमध्ये तुम्ही मुलांसाठी संध्याकाळच्या अभ्यासिका चालवता. पूर्णवेळ आणि अर्धवेळ मिळून संस्थेत १२ माणसं आहेत. मिहान या नागपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या एचआरचा (मनुष्यबळ विभागाचा) फोन आला की आमचे १२० कर्मचारी एका शनिवारी अर्धा दिवस येऊन काम करतील, अॅक्टिव्हिटी तुम्ही सुचवा. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. १२० जणांना काय काम द्यावं, पैशांचा विषय काढावा का, आणि काढला तर कंपनी हातची जाईल का, असं तुम्ही विचारलंय.

काय काम द्यायचं ते नंतर बघू. आधी दोन गोष्टी ठरवा: तुम्ही एका वेळी किती माणसं सांभाळू शकता, आणि त्या सांभाळण्याचा खर्च कोण उचलणार. ही दोन उत्तरं हातात असली की कामं आपोआप सुचतात. ती नसली की १२० जण सकाळी बसमधून उतरतात, तासाभरात काम संपतं आणि उरलेला वेळ फोटो काढण्यात जातो. संस्थेची माणसं पुढचे दोन दिवस आवराआवर करत बसतात.

एक हिशेब मांडून दाखवतो. समजा ४० जण तीन तासांसाठी आले. उतरणं, हजेरी, टोपी-बॅज यात २० मिनिटं जातात. माहिती सांगायला १५, चहा-नाश्त्याला १५, शेवटी हात धुणं, सामूहिक फोटो आणि आभार यात २०. म्हणजे हाताने काम होतं ते जेमतेम दोन तास. ४० जणांचे ८० तास. आता आपली बाजू बघा. कंपनीबरोबर दोन बैठका, प्रत्येकी दीड तास, दोघं जण: ६ तास. जागेची पाहणी ४ तास. इतवारी-गांधीबागेत जाऊन भाव काढणं, खरेदी, सामान आणणं १२ तास. आदल्या दिवशी चौघांची तयारी, प्रत्येकी पाच तास: २० तास. कार्यक्रमाच्या दिवशी पाच जण सात तास: ३५. नंतरची साफसफाई, बिलं, अहवाल ८ तास. बेरीज ८५.

८० तास आले आणि ८५ तास गेले. शिवाय आलेले तास नवख्या हातांचे आणि गेलेले तास तुमच्या अनुभवी माणसांचे. हा व्यवहार तोट्याचाच असतो असं नाही, पण तो तीनच मार्गांनी भरून निघतो: कंपनीने खर्च आणि वर काही निधी दिला तर, तुमच्याकडे नसलेलं कौशल्य मिळालं तर, किंवा त्या ४० पैकी चार-पाच जण वर्षभर टिकले तर. फोनवर बोलताना या तिन्हींपैकी किमान एक गोष्ट पक्की करायची, हे डोक्यात ठेवूनच बोला.

बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, हेही खरं. कंपनी दरवर्षी नवीन संस्था शोधत असेल तर एक आखणी, ती तुमच्याशी दोन-तीन वर्षं जोडून घ्यायला तयार असेल तर वेगळी. दुसऱ्या प्रकारात पहिल्या वर्षी थोडा तोटा सोसायला हरकत नाही. तुमच्या अभ्यासिका कुठे भरतात यावरही फरक पडतो. उत्तर नागपुरात बऱ्याच अभ्यासिका बुद्ध विहारात, समाजभवनात किंवा मनपा शाळेच्या खोलीत चालतात. तिथल्या भिंतीला हात लावायचा तर विहार समितीची किंवा मनपाच्या शिक्षण विभागाची लेखी परवानगी लागते, आणि ती दोन दिवसांत मिळत नाही. भाड्याच्या खोलीत घरमालकाला विचारावं लागतं.

आता माणसांची संख्या. दर आठ ते दहा स्वयंसेवकांमागे संस्थेचं एक माणूस लागतं. ते काम करत नाही, काम करून घेतं. तुमच्या १२ पैकी दोघं-तिघं त्या दिवशी येऊ शकणार नाहीत. एक जण हजेरी आणि बसकडे, एक सामान आणि नाश्त्याकडे, आणि एक जण पूर्ण मोकळा हवा, ज्याच्या हातात फक्त फोन आणि चाव्या असतील. जिथे काही अडेल तिथे हा धावतो. मोकळं माणूस ठेवलं नाही तर पहिली अडचण येताच एका गटाचा प्रमुख उठून जातो आणि तो गट नुसता उभा राहतो. म्हणजे गट चालवायला उरले सहा जण. सहा गुणिले आठ, ४८. तुमच्यासाठी ४५ ही मर्यादा धरा आणि ती सांगताना अवघडू नका. १२० चा आकडा कंपनीच्या सोयीचा आहे, तुमच्या कामातून तो आलेला नाही.

मग उरलेल्या ७५ जणांचं काय? त्यांना वस्तीत आणायचं नाही. त्यांच्यासाठी काम कंपनीतच न्यायचं, किंवा पुढच्या महिन्यांमध्ये वाटून द्यायचं. त्याकडे येतो.

कामं निवडताना एक चाळणी लावा. ते काम कंपनी आली नसती तरी तुम्ही करणारच होतात का? ते दहा मिनिटांत शिकवता येतं का? चुकलं तर स्वस्तात दुरुस्त होतं का? आणि त्याला खरोखर पुष्कळ हात लागतात का? चारही उत्तरं 'हो' असतील तरच ते काम यादीत घ्या. पहिल्या प्रश्नावरच बरीच कामं गळतात. गेल्या वर्षी रंगवलेली भिंत कंपनी येतेय म्हणून परत रंगवणं, हे त्यातलंच.

रंगकामाचं जरा सविस्तर सांगतो, कारण एचआरच्या मनात बहुतेक तेच असतं आणि फसतंही तेच. १५ फूट बाय २० फुटांची खोली, उंची १० फूट. चारी भिंती मिळून ७०० चौरस फूट, दार-खिडक्या वजा जाता ६०० च्या आसपास. या खोलीत सहापेक्षा जास्त माणसं घालू नका. चार भिंतींना चार रोलर, एक जण कडा आणि कोपऱ्यांसाठी ब्रश घेऊन, एक जण रंग कालवायला आणि ट्रे भरायला. सातवा माणूस ओल्या भिंतीला टेकतो किंवा बादलीत पाय घालतो. म्हणजे १८ जणांना तीन खोल्या लागतात. १२० जणांना २० लागतील. तुमच्याकडे आहेत तरी का तेवढ्या?

दुसरी गोष्ट वाळण्याची. जुना पापुद्रा घासणं, भेगांत पुट्टी भरणं, ती वाळल्यावर पुन्हा घासणं आणि प्रायमरचा हात, हे सगळं दोन-तीन दिवस आधी पेंटरकडून करून घ्यावं लागतं. स्वयंसेवक आले त्या दिवशी घासाई सुरू केली तर सकाळभर फक्त धूळ उडते आणि रंग लागतच नाही. बरं, रंगाचे दोन हात असतात आणि मध्ये साधारण चार तास वाळू द्यावं लागतं. म्हणजे अर्ध्या दिवसात एकच हात होतो. दुसरा हात दुपारनंतर किंवा दुसऱ्या दिवशी पेंटरच देणार, त्याची मजुरी खर्चात आधीच धरा. सहा फुटांच्या वरची भिंतही पेंटरकडेच ठेवा, स्वयंसेवकाला पेंटरच्या लाकडी घोड्यावर (उंच स्टँडवर) किंवा शिडीवर चढवू नका. रंग पाण्यात कालवायचाच घ्या, डिस्टेंपर किंवा इमल्शन. ऑइलपेंटला टर्पेंटाइन लागतं, वास दोन दिवस जात नाही, आणि कपड्यांवरचा डाग तर कायमचाच. एका खोलीला चार रोलर, चार ट्रे, दोन इंची तीन ब्रश, दोन बादल्या, मास्किंग टेपची दोन बंडलं, फरशीवर अंथरायला ताडपत्री आणि किलोभर जुनी वर्तमानपत्रं लागतात. डब्यावर जेवढ्या चौरस फुटांचा अंदाज लिहिलेला असतो त्याच्या सव्वापट रंग धरा, नवख्या हाताला तेवढा लागतोच. रोलर एकदा भिजवून, पिळून मगच वाटा. कोरडा रोलर तंतू सोडतो आणि ते तंतू भिंतीवर चिकटून राहतात.

वाचनालयाचं काम याच्यापेक्षा सोपं आहे आणि वर्षभर उपयोगी पडतं. पुस्तकाला कव्हर घालणं, क्रमांकाचं लेबल लावणं, रजिस्टरमध्ये नोंद करणं. हे नीट केलं तर एक माणूस तासाला दहाएक पुस्तकं करतो. १२ जण, दोन तास, म्हणजे २४०. तुमच्याकडे ६०० पुस्तकं असतील तर ६०० आणून टेबलावर रचू नका. २४० आणा आणि वर ३० राखीव ठेवा. अर्धवट राहिलेला ढीग अभ्यासिका चालवणाऱ्या तुमच्याच ताईंच्या गळ्यात पडतो. रजिस्टर मात्र सुवाच्य अक्षराच्या एकाच माणसाकडे द्या.

कंपनीतच करता येण्यासारखं उत्तम काम म्हणजे शैक्षणिक साहित्याचे संच भरणं. समजा ५०० संच, प्रत्येकात आठ वस्तू. टेबलांची एक रांग, तिच्यावर आठ जण, प्रत्येकाकडे एकच वस्तू. पिशवी डावीकडून उजवीकडे सरकत जाते. वह्या सर्वांत आधी, म्हणजे तळाशी बसतात, आणि पट्टी, कंपासपेटी शेवटी. अशी रांग लयीत आली की मिनिटाला दोन संच निघतात, तासाला १२०. चार रांगा लावल्या तर ५०० संच तासाभरात, फार तर सव्वा तासात होतात. रांगेत ३२ जण, मागून माल पुरवायला आठ, तपासायला चार, खोक्यांत भरून मोजायला सहा. हे झाले ५०. त्या ७५ पैकी ६० जण या कामाला धरा; साठांनी नावं दिली तर पन्नासच येतात, त्यामुळे आकडा जुळतो.

यात अडतं कुठे? एखादी वस्तू कमी पडली की सगळी रांग थांबते. खोडरबर ५०० मागवले आणि ४८० आले, तर शेवटचे २० संच उघडे राहतात आणि त्यासाठी तुमचं माणूस सोमवारी पुन्हा मिहानला जातं. माल दोन दिवस आधी मागवा, स्वतः मोजा आणि प्रत्येक वस्तू दोन-तीन टक्के जास्त घ्या. वजनाचाही विचार करा. संचात सहा वह्या असतील तर ३,००० वह्या झाल्या, म्हणजे अर्ध्या टनाच्या वर वजन. छोटा टेम्पो लागेल, आणि कंपनीच्या गेटवर मालाचा पास लागेल. तो पास एचआरने आदल्या दिवशी काढून ठेवायचा, हे लेखी सांगा. नाहीतर टेम्पो तासभर गेटवर उभा राहतो.

उरलेले पंधरा जण हा सगळ्यात किमती हिस्सा, आणि संस्था नेमक्या त्यांनाच विसरतात. कंपनीत हिशेब, एक्सेल, भरती, सॉफ्टवेअर जाणणारी माणसं बसलेली असतात. त्यांच्या हातात रोलर देण्यापेक्षा तुमची देणगीदारांची यादी नीट लावून घ्या, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली मागची नोंद दुरुस्त करून घ्या. दहावीच्या मुलांना गणित शिकवायला दोघं जण तीन महिने दर दुसऱ्या शनिवारी आले तरी फार मोठी मदत आहे. वस्तीतल्या १८ वर्षांवरच्या तरुणांसाठी सराव मुलाखती ठेवा. १२ कर्मचारी, प्रत्येकाने चार जणांची २५-२५ मिनिटं मुलाखत घेतली की एका सकाळी ४८ तरुणांना सराव मिळतो. हे काम दहा मिनिटांत शिकवता येत नाही, हे मान्य आहे. म्हणून ते शनिवारच्या गर्दीत घालायचंच नाही.

काही गोष्टी सुचवल्या जातील, त्यांना नाही म्हणा. अनोळखी माणसांनी गटागटाने वस्तीतून फेरी मारणं, घरात डोकावणं, मुलांना रांगेत उभं करून खाऊ वाटणं, पाहुण्यांसाठी मुलांचं नृत्य बसवणं. मुलांची परीक्षा तोंडावर असताना पंधरा दिवस नाच बसवण्यात घालवणं ही मुलांवर लादलेली वेठबिगार आहे, आणि ती थांबवणं तुमच्या हातात आहे.

'झाडं लावू' असाही आग्रह होईल. पावसाळा असेल आणि जागा तुमच्या किंवा शाळेच्या ताब्यातली असेल तरच हो म्हणा. खड्डे दोन फूट बाय दोन फूट, तेवढेच खोल, आधी मजुरांकडून खणून ठेवा. नागपूरची काळी माती ओली असताना कुदळीला चिकटते आणि वाळली की दगड होते, ऑफिसच्या माणसाला ती खणवत नाही. कडुनिंब, करंज, बहावा, अर्जुन ही इथल्या उन्हाला टिकणारी झाडं. खरा खर्च मात्र पाण्याचा. १०० रोपांना आठवड्याला १५ लिटरप्रमाणे १,५०० लिटर लागतं, आणि दिवाळीनंतरपासून पुढचा पाऊस येईपर्यंत ते द्यावं लागतं. शिवाय एकाच उन्हाळ्याने भागत नाही, किमान दोन उन्हाळे. तेवढा टँकर, माणूस आणि ट्री-गार्ड यांची तरतूद कंपनी लेखी देत नसेल तर २० रोपं लावा, १०० नको. तलावाच्या काठची सफाई सुचवली, फुटाळा किंवा अंबाझरी, तर मनपाच्या झोन कार्यालयाशी आधी बोला. गोळा झालेला कचरा उचलायला गाडी किती वाजता येणार, हे ठरल्याशिवाय एकही पिशवी भरू नका. भरलेल्या पिशव्या काठावर राहिल्या की रात्रीतून कुत्री त्या फाडतात आणि सगळा कचरा पुन्हा पाण्यात.

आता पैसे. बोला, आणि पहिल्याच बैठकीत बोला. खर्चाचा कागद दोन भागांत करा. पहिला भाग त्या दिवसाचा: साहित्य, पेंटर, टेम्पो, नाश्ता-पाणी, प्रथमोपचार, छपाई, आणि तुमच्या माणसांचे तास. हे तास बहुतेक संस्था लिहीतच नाहीत. वर दाखवलेल्या ८५ तासांना तुमच्या पगाराच्या दराने गुणा आणि 'समन्वय खर्च' म्हणून लिहा, लपवू नका. दुसरा भाग अभ्यासिकांसाठी निधी: एका अभ्यासिकेचा वर्षाचा खर्च किती, तो मांडा आणि कंपनी एक अभ्यासिका उचलेल का, असं थेट विचारा.

इथे कायद्याचा एक मुद्दा समजून घेतलात तर बोलणं सोपं जाईल. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामांवर) खर्च करावी लागते. पण कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळेचे पैसे लावून ते सीएसआर खर्चात दाखवता येत नाहीत. एकेकट्या, सुट्या कार्यक्रमाचा खर्चही सीएसआर म्हणून धरला जात नाही, असं कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ च्या परिपत्रकातच सांगितलेलं आहे. म्हणून एचआरने 'खर्च सीएसआरमधून करू' म्हटलं तर लगेच विचारा: सीएसआर विभागाशी बोलणं झालंय का? शनिवारचा नाश्ता, बस, टी-शर्ट हा साधारणपणे एचआरच्या स्वतःच्या बजेटचा भाग. वर्षभराच्या अभ्यासिकेचा निधी हा शिक्षणाचा प्रकल्प, तो सीएसआरमधून येऊ शकतो. दोन वेगळी कपाटं आहेत, दोन वेगळी माणसं किल्ल्या बाळगून आहेत. संस्थांचे पैसे अडकतात ते बहुतेक वेळा चुकीच्या कपाटासमोर उभं राहिल्यामुळे.

सीएसआरचा निधी घ्यायचा तर १ एप्रिल २०२१ पासून संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ या फॉर्मने केलेली नोंदणी लागते. ती नसेल तर आजच तुमच्या सीएला सांगा. आणि दिलेला निधी ठरल्याप्रमाणे वापरला गेला, हे कंपनीच्या वित्तप्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. म्हणून ते बिलं मागतात, त्यात अविश्वास समजू नका. कार्यक्रमाचा खर्च देणगी म्हणून घ्यायचा की सेवेचं बिल द्यायचं, हेही सीएला विचारून ठरवा. एकाच रकमेला बिलही आणि देणगीची पावतीही, असं करू नका.

पैशांचं बोलल्याने कंपनी जाईल का? काही जातील. पण ज्या कंपनीला १२० बॉक्स जेवणाचे पैसे आहेत आणि रंगाचे नाहीत, तिचा शनिवार तुम्ही आपल्या पदरचे पैसे घालून साजरा करू नये, असं माझं ठाम मत आहे.

तारखेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीये, म्हणजे ती अजून मोकळी असावी. नागपुरात एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत उघड्यावरचं कुठलंही काम नको. पारा ४५ च्या वर जातो आणि सकाळी नऊलाच ऊन लागतं. विदर्भातल्या शाळा उरलेल्या राज्यापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे साहित्याचे संच जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भरलेले उत्तम. मार्चमध्ये कंपन्यांना वर्षअखेरची घाई असते आणि तुमच्या मुलांच्या परीक्षा असतात, तो महिना टाळा. पोळा, तान्हा पोळा आणि मारबतीचे दिवस, गणपती, दसऱ्याला दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, दिवाळी हे सगळं आधी कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. उत्तर नागपुरातल्या वस्त्यांमध्ये दसऱ्याच्या मागचे-पुढचे दिवस कोणी तुमच्यासाठी मोकळं नसतं, आणि नसावंही. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की रस्ते आणि बस दोन्ही अडतात. रंगकामासाठी नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारी सगळ्यात चांगला: भिंती कोरड्या आणि माणसं ताजी.

मुलांच्या बाबतीत सैल राहू नका. कोणताही पाहुणा मुलाबरोबर एकटा राहणार नाही. मुलांचे किंवा पालकांचे फोन नंबर कोणी घेणार नाही. भेटवस्तू परस्पर देणार नाही. फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाही, आणि फोटो काढणारा एकच, तोही दोघांनी मिळून ठरवलेला. संमती नसलेल्या मुलांना वेगळ्या रंगाची रिबीन द्या, म्हणजे गर्दीत ओळखता येतं. बालगृहातली मुलं असतील तर नियम आणखी कडक आहे: बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, तिथे चेहऱ्याचा फोटो अजिबात नाही. कार्यक्रमाच्या जागी कंपनीच्या महिला कर्मचाऱ्याने लैंगिक छळाची तक्रार केली तर ती कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याखाली कंपनीच्या तक्रार समितीकडे जाते, कारण कामानिमित्त भेट दिलेली जागाही कामाचं ठिकाणच धरली जाते. हे एचआरला माहीत असतं, तरी पत्रात लिहा.

पत्र दोन पानांचं पुरे. अंतिम संख्या सात दिवस आधी. त्यानंतर माणसं कमी आली तरी साहित्याचा खर्च तोच राहील. पाऊस आला तर पर्यायी तारीख कोणती. बस कुठे थांबेल: वस्तीच्या गल्लीत मोठी बस वळत नाही, जवळचं मैदान ठरवा आणि तिथून चालत आणा. महिलांसाठी स्वच्छतागृह नेमकं कुठे आहे, हे पाहणीच्या दिवशी कंपनीच्या प्रतिनिधीला दाखवूनच टाका. बॅनर किती आणि कुठे: कापडी, एकच, दारापाशी. अधिकाऱ्यांचं भाषण पाच मिनिटं, आणि ते शेवटी. सुरुवातीला ठेवलं की ते पंचवीस मिनिटं चालतं आणि तेवढं काम कमी होतं.

त्या दिवशी सुरुवातीची माहिती तुमच्या अभ्यासिकेच्या ताईंनीच सांगावी, बारा-पंधरा मिनिटांत. संस्थेचा इतिहास नको. या खोलीत रोज किती मुलं बसतात, आज काय होणार, काय करायचं नाही, स्वच्छतागृह कुठे, तुमच्या गटाचा प्रमुख कोण. एवढंच. नाश्त्याला तर्री-पोहे किंवा जे काही असेल ते स्टीलच्या ताटल्यांत, आणि मुलं हजर असतील तर त्यांनाही तेच. मुलांसमोर कंपनीचे बंद डबे उघडून खाणं फार वाईट दिसतं. हिवाळ्यात ४५ जणांना २० लिटरचे तीन जार पाणी पुरतं, उन्हात दुप्पट. प्रथमोपचाराची पेटी मोकळ्या माणसाकडे, आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर व १०८ त्याच्या फोनमध्ये. प्रत्येक गटासाठी एक राखीव काम ठेवा, कारण एखादा गट अर्धा तास आधी संपवतोच. फ्लॅशकार्ड कापणं, पेन्सिलींना टोक करणं, खिडक्यांच्या जाळ्या पुसणं, असं काहीही चालेल.

कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत एक पानाचं पत्र पाठवा: किती माणसं आली, काय झालं, काय राहिलं, किती खर्च झाला, शिल्लक किती. 'तीन खोल्यांना रंगाचा पहिला हात, दुसरा हात पेंटरकडून सोमवारी पूर्ण' असं खरं लिहा. आकडे फुगवू नका, पुढच्या वर्षी तेच आकडे तुमच्यापुढे ठेवले जातात.

तर तुमच्या बाबतीत आखणी अशी होते: ४५ जण वस्तीत (१८ रंगाला, १२ वाचनालयाला, १५ शैक्षणिक साहित्य बनवायला), ६० जण कंपनीत संच भरायला, आणि १५ जण पुढचे तीन महिने कौशल्याच्या कामाला. हे दोन शनिवारांत विभागा, एकाच दिवशी दोन जागा तुमच्याने होणार नाहीत. सोमवारी पाठवायला मजकूर असा घ्या, हवा तसा बदला:

'नमस्कार. आमच्याकडे येण्याची इच्छा दाखवल्याबद्दल आभार. आमच्या जागेवर एका वेळी ४५ जणांना आम्ही नीट काम देऊ शकतो. उरलेल्या सहकाऱ्यांसाठी आपल्या कार्यालयात ५०० शैक्षणिक संच भरण्याचा कार्यक्रम दुसऱ्या शनिवारी ठेवता येईल, आणि १५ जणांसाठी तीन महिन्यांची वेगळी कामं सोबत जोडली आहेत. कार्यक्रमाचा खर्च आणि एका अभ्यासिकेचा वार्षिक खर्च असे दोन तक्ते सोबत आहेत. यातला कोणता खर्च कोणत्या विभागाकडून होईल हे ठरवायला आपले सीएसआर प्रमुख आणि आपण, दोघांबरोबर अर्ध्या तासाची बैठक हवी आहे. जागा पाहायला या आठवड्यात संध्याकाळी पाच ते सात या वेळेत कधीही या, अभ्यासिका चालू असते.'